भांड्यावरचं पोतं

"बस की रं माझ्या सोन्या. मी हाय की हितंच."

अडीच वर्षांचा यशराज संडासाच्या दारात पाय आवळून उभा होता. तोंड लालबुंद, कपाळावर घाम. एका हातानं त्याला धरून आक्का दुसऱ्या हातानं भांड्यावरचं वाळूचं पोतं ओढत होती. पोतं फरफटत भिंतीला लागलं, तसं पोरानं किंचाळून आजीच्या पदरात तोंड खुपसलं.

"नगं आजी! नगं!"

तीन दिवस हेच चाललं होतं. डायपर घातला तरी पोरगं कोपऱ्यात जाऊन शी आवळून धरायचं. पोट कडक लागत होतं. डॉक्टर म्हणाले होते, "रागावू नका, जबरदस्ती करू नका. त्याला कसली तरी भीती बसलीय. उद्यापर्यंत झालं नाही, तर मात्र दवाखान्यात ठेवून मागून नळी घालावी लागेल." नळीचं नाव ऐकल्यापासून आक्का घटकाघटकाला पोराचं पोट चाचपून बघत होती.

तशी आक्का धीराची बाई. जन्म खानावळीत भाकऱ्या थापण्यात गेलेला. आपल्या दोन्ही पोरांना तिनं पायांवर बसवून, शू-शू करत, एकदाही न मारता वळण लावलं होतं. पण भीतीचं म्हणाल, तर त्या घरात सगळ्यात भित्री तीच.

पूर आला त्या साली तिचा नवरा आकाराम उंबऱ्यात पोती रचून बसला होता. नदी गल्लीच्या तोंडाशी आलेली, पण दार कोरडं होतं. आणि आक्काच्या पाठीमागं संडासात गुडगुड झाली. पाणी दारातून आलंच नाही. ते भांड्यातून आलं, काळं, घाण, उकळत असल्यासारखं. बघता बघता चूल बुडाली.

पुढच्या पावसाळ्याआधी आकारामनं वाळूचं पोतं भरलं, तोंड सुतळीनं करकचून बांधलं आणि म्हणाला, "आता ईल तर बघू." नदीकडच्या गल्ल्यांत पूर चढला की भांड्यावर असं पोतं ठेवतातच. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आकाराम गेला. तेव्हापासून आक्काचं पोतं बारा महिने भांड्यावर. जाताना ओढायचं, आल्यावर परत ठेवायचं. सून स्नेहल, यशराजची आई, वैतागायची.

"आई, उन्हाळ्यात कशाला वो पोतं?"

"असू दे. तुला काय म्हाईत न्हाय."

आज तर नदी खरंच चढत होती. सकाळपासून पावसानं दम खाल्ला नव्हता. स्नेहल जीव मुठीत धरून दुकानात कामाला गेली. जाताना म्हणाली, "आई, तुमच्याकडनंच हुईल बघा. न्हायतर उद्या नळी हायच."

आक्का यशराजला मांडीवर घेऊन बसली. त्याचं पोट हलकेच चोळत तिनं विचारलं, "कशाला भितोस रं?"

पोरानं संडासाच्या दाराकडं बघितलं. मग तिच्या कानाशी येऊन म्हणालं, "आत कोन हाय?"

"कोन न्हाय."

"मग दाबून का ठिवतीस?"

 एवढासा जीव रोज बघत होता. आजी घाबऱ्याघुबऱ्या पोतं ओढते, लगबगीनं परत ठेवते, वर हातानं दाबून बघते. आत कुणीतरी असणारच! बाहेरून कुणी घाबरवलं नव्हतं पोराला. तिनंच आपली भीती त्याला भरवली होती, घास भरवावा तशी. आक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोतं काढावं तर नदीचं भ्या. ठेवावं तर नळी.

ती उठली. पोतं ओढत मागच्या पत्र्याखाली नेलं. सुतळीची गाठ आकारामच्या हातची. विळीनं कापली असती तर काम झालं असतं, पण तिला ते जमेना. नखं दुखेपर्यंत कोरत बसली, तेव्हा कुठं गाठ सुटली. आत खताची प्लास्टिकची पिशवी होती. तिच्यातून कोरडी, स्वच्छ वाळू भळाभळा बाहेर आली.

यशराज दबकत जवळ आला. "ह्येच व्हतं?"

"व्हय. वाळूच."

पोरानं बोट घातलं, मग मूठ, मग आपला ट्रक आणला.  बऱ्याच वेळानं ट्रक थांबला.

"आजी, आली."

आक्कानं घाई केली नाही. हात धरून नेलं. उघड्या भांड्यात त्यानं वाकून बघितलं, आजीकडं बघितलं आणि बसला. ती पाटावर समोर बसून त्याचे दोन्ही हात धरून राहिली.

तेवढ्यात खालून कुठूनतरी आवाज आला. गुडगुड.

 पोराला उचलावं आणि धूम ठोकावी, एवढंच आक्काच्या मनात आलं. पण यशराज भांड्याकडं बघतच नव्हता. तो तिच्या तोंडाकडं बघत होता.

आक्का हसली. "ऐकलंस? पायपाला बी पोट हाय. त्येचं बी गुडगुडतंय."

पोरगं खुदकन हसलं, आणि हसता हसताच मोकळं झालं.

तिनं त्याला धुतलं. तो तसाच नागडा वाळूकडं पळाला. आक्का मात्र पाटावरच बसून राहिली.  येताना मुठीत आलेली सुतळी पाटाशेजारी पडली होती. ती तिनं कमरेला खोचली, भिंत धरून उठली आणि बादलीभर पाणी ओतून वाकून बघत राहिली.

पाणी खाली गेलं.

बाहेर पाऊस वाढला होता. आक्कानं संडासाचं दार उघडंच ठेवलं आणि पोराशेजारी वाळूत जाऊन बसली, तोंड मात्र दाराकडं करून.