मार्व्हाच्या दहा बोटांचे ठसे

मी शाईची गादी बोलतेय. शिक्के मारायची नव्हे, बोटांचे ठसे घ्यायची. मिझुरी नदीच्या काठी, कॅन्ससच्या बाजूला, एका छोट्या गावातल्या शेरिफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, ऑफिसात माझी एकवीस वर्षं गेली. माझी मालकीण अर्लीन, तिथली कारकून. तिने मला खोक्यातून काढलं, झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, "चल, कामाला लाग." तेव्हापासून लागले.

माझ्यावर टेकलेलं पहिलं बोट कुणाचं होतं सांगू? ट्रॅक्टर घेऊन थेट चर्चच्या कुंपणात घुसलेल्या एका पिऊन तर्र झालेल्या गृहस्थाचं. पुढे कितीतरी आले. चोर आले, शाळेत नोकरी लागलेल्या बाई आल्या, बंदुकीचा परवाना हवा असलेले आजोबा आले. शाई लागली की प्रत्येक जण आधी आपलीच बोटं निरखतो. आणि बहुतेक जण अर्लीनची माफी मागतात, "माझे हात जरा राठ आहेत हं." मला राठ हातांचं कधी काही वाटलं नाही. माझी अडचण झाली ती एकाच बाईच्या हातांनी.

सप्टेंबर नुकताच लागला होता. मार्व्हा डीट्झ दारातून आत आली. मरणपंथाला लागलेल्या माणसांची त्यांच्या घरी जाऊन सेवा करणारी ही नर्स. अर्लीनची शाळेपासूनची मैत्रीण.

"अगं बाई, तू आणि इथे? कुणाचा खून केलास?"

"अजून नाही. नवऱ्याला तंबी देऊन ठेवलीय फक्त." मार्व्हा खुर्चीत बसली. "ठसे हवेत. माझा परवाना नुसता कॅन्ससचा आहे. आता अनेक राज्यांत चालणारा काढायचाय, तर म्हणे आधी तू गुन्हेगार नाहीस हे कळू दे."

"या वयात कुठे निघालीस?"

"पुलापलीकडे. मिस्टर स्टकींना मुलगी मिझुरी राज्यात घेऊन गेली."

ऑरिन स्टकी म्हणजे शाळेच्या बसचे ड्रायव्हर. या दोघींना त्यांनीच नऊ वर्षं शाळेत पोचवलं होतं. आता त्यांच्या पोटात गाठ होती, आणि सहा महिने मार्व्हाच त्यांचं सगळं करत होती.

"काल भेटून आले. पूल ओलांडला की मी नर्स नाही, नुसती पाहुणी. पाठीवरची पट्टी सुटत आली होती. समोर दिसतेय, आणि मी हात मांडीवर ठेवून त्यांच्या नव्या नर्सची वाट बघत बसले. मला म्हणाले, 'शेवटी तूच असशील ना?' मी हो म्हणून बसलेय, अर्लीन."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"पानगळ बघतील म्हणाले. त्यापुढचं नाही बोलले."

अर्लीनने मला उघडलं. मार्व्हाने माझ्याकडे एकदा पाहिलं, पर्समधून हात निर्जंतुक करायची बाटली काढली आणि दोन्ही हात चोळले. ठीक आहे, म्हटलं. पण बाई दर बोटानंतर चोळायला लागली.

"मार्व्हा, पुरे."

"अगं, हिच्यावर आजवर कोणाकोणाची बोटं पडली असतील!"

मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण तिचं बोट टेकलं आणि राग विसरले. बोटावर रेषाच नव्हत्या. तीस वर्षं दिवसातून पन्नासदा धुतलेले हात ते, तळवे राठ आणि बोटांची टोकं झिजून गुळगुळीत. मेणावरून पाणी ओघळावं तशी माझी शाई तिच्या बोटांवरून सरकली. त्यात ती बोट सैल सोडेना. दिवसभर दुसऱ्यांना "हात सैल सोडा" सांगणाऱ्या हिला स्वतःचा हात मात्र कुणाच्या हातात देता येत नव्हता. कार्डावर दहा काळे डाग उमटले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पंधरा दिवसांनी कार्ड परत आलं. ठसे वाचता येत नाहीत.

मार्व्हा डोळे पुसत नव्हती, पण नाक लाल होतं. अर्लीनने खणातून एक हिरवी डबी काढून तिच्यापुढे ठेवली. गाईच्या आचळांना लावायचं मलम.

"माझ्याकडे गाई नाहीत."

"तुझ्यासाठीच आहे. गाईला सोसतं ते तुला सोसेल. आठवडाभर रजा काढ, हे चोपडून हातमोजे घाल, आणि भांडी नवऱ्याला घासू दे."

"तो भांडी घासणार असेल तर परवाना नाही मिळाला तरी चालेल."

आठवड्याने आली तेव्हा तिचे हात लोण्यासारखे झाले होते. बोटांवर बारीक का होईना, रेषा दिसत होत्या. अर्लीन खूश, मी त्याहून खूश. झाकण उघडलं, आणि तेवढ्यात आतल्या कोठडीतून धप्प आवाज आला. एक कैदी पाय घसरून पडला होता. त्याच्या भुवईतून भळाभळा रक्त वाहत होतं, आणि त्याला धरून आणणारा शिपाई डुएन त्याच्याहून पांढरा पडला होता.

मार्व्हा उठली.

"खाली बस," अर्लीन म्हणाली. "मी रुग्णवाहिका बोलावते."

"किती वेळ लागेल?"

"वीस मिनिटं."

तोवर ती मोरीपाशी पोचली होती. तिथला तो जळजळीत साबण घेऊन कोपरापर्यंत खसाखसा हात धुतले. जखम दाबून धरली, पट्टी बांधली, त्याला पाणी पाजलं, आणि पुन्हा हात धुतले. आठवड्याचं मलम मोरीत गेलं. अर्लीनने तिचं एकेक बोट माझ्यावर फिरवलं. मी होती नव्हती ती सगळी शाई दिली, तरी उठायचं ते उठलं नाही.

दुसरं कार्डही परत आलं, ऑक्टोबर लागता लागता. नदीकाठची झाडं पिवळी पडली होती. पण अर्लीन सोबतचं पत्र वाचता वाचता मध्येच थांबली आणि तिने फोन उचलला.

"मार्व्हा, ऐक. दोनदा ठसे उठले नाहीत, तर नावावरून तपास करतात. तिसऱ्यांदा मागतच नाहीत. पहिल्यांदा जमलं नाही तेच बरं, दुसऱ्यांदा जमलं नाही ते त्याहून बरं. दोनदा नापास झालीस म्हणून वरच्या वर्गात घातलीय तुला."

परवाना आला की नाही ते मला नोव्हेंबरपर्यंत कळलं नाही. मग एका दुपारी मार्व्हा भोपळ्याचं सारण भरून भाजलेला गोड पाई घेऊन आली. तीच ती, पण खांदे उतरलेले.

"वेळेवर पोचलीस?" अर्लीनने विचारलं.

"नऊ दिवस मिळाले. परवान्याची खबर आली आणि तासाभरात मी पुलावर होते."

अर्लीनने दोन ताटल्या काढल्या. पण पाई कापला कुणीच नाही.

वर्षभराने ऑफिसात काचेचं यंत्र आलं. बोट टेकवलं की झालं, शाई नको. अर्लीनने मला फेकलं नाही, खणात ठेवलं. आता मी सुकलेय, कडा भेगाळल्यात. माझं कुणावर रुसणं नाही. तुम्हाला एवढंच सांगते, आजारपणात एखादी नर्स तुमची कूस बदलायला आली, तर तिच्या राठ हातांवरून तोंड वेडंवाकडं करू नका.

कारण त्या दुपारी मार्व्हा पुढे काय म्हणाली ते मी ऐकलंय.

"मी पोचले तेव्हा त्यांचे डोळे उघडत नव्हते. ऐकूही येत नव्हतं. मुलगी म्हणाली, आता कुणालाच ओळखत नाहीत. मी नाडी बघायला मनगट धरलं, तर म्हणाले, 'मार्व्हा, आलीस?'"