एक नमो मारिया थांबायचं

ओब्दुलिया बाई दर मंगळवारी तीन जिने चढून वर आल्या की मारिक्रूस त्यांना आधी खुर्ची द्यायची, मग कॉफी, मग गोड पाव, आणि त्यानंतर त्या जे म्हणतील त्याला 'हो'. सहा आठवडे हेच चाललं होतं. साबणाच्या फुग्यांची बाटली उघडलीस का? हो बाई. बिस्किटं वरच्या फळीवर ठेवलीस का? हो बाई. सितलालीने मागेपर्यंत थांबलीस का? थांबले ना बाई. घरच्या अभ्यासाचा कागदही तयार असायचा. प्रत्येक चौकोनात निळ्या पेनाची खूण, एक चौकोन म्हणून रिकामा नाही.

सितलाली तिची मुलगी, चार वर्षांची. पोरगी स्वमग्न आहे, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मारिक्रूसला आधी काही कळलंच नव्हतं, आणि कळलं तेव्हा ती तीन दिवस कुणाशी बोलली नव्हती. मग कुणीतरी सव्विसाव्या रस्त्यावरच्या केंद्राचं नाव सांगितलं. तिथून घरी येऊन आईबापांना शिकवतात, आणि आपल्या भाषेत शिकवतात. शिकागोत अशा ठिकाणी नंबर लागायला आठ महिने गेले. ओब्दुलिया बाई काही डॉक्टर नव्हत्या. त्यांचा स्वतःचा मुलगा स्वमग्न होता, आता एकोणीस वर्षांचा घोडा झाला होता, आणि आपल्यातल्याच आईने आयांना शिकवावं असं केंद्राने ठरवल्यामुळे त्या या कामात पडल्या. त्यांच्या हातातली जाडजूड फाइल मात्र मूळ इंग्रजीतली होती. शब्द स्पॅनिश झाले होते, चित्रं तीच राहिली होती. चित्रातली बाई आखूड चड्डी घालून गालिच्यावर बसलेली, समोर मूल, आणि अख्ख्या घरात तिसरं माणूस नाही. आजी तर नाहीच नाही.

मारिक्रूसच्या घरात आजी होती. दोन्या हसिंता, तिची आई. एप्रिलमध्ये मेक्सिकोतल्या पुएब्लाहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेली, मोजून एक पेटी घेऊन, आणि त्या पेटीत लोखंडी तोर्तिया-दाबणी, मक्याच्या पोळ्या दाबायची. इथे दाबण्या मिळत नाहीत असं तिला कुणी सांगितलं होतं, देव जाणे. व्हिसासाठी दोनदा नकार मिळून तिसऱ्यांदा हो झालं होतं, वय अठ्ठ्याहत्तर होतं, गुडघे गेले होते. पुन्हा येणं होईल असं कुणी तोंडदेखलंही म्हणत नव्हतं. आणि मारिक्रूसकडे इथे राहायचे कागद नव्हते. ती स्वतः एकदा गावी गेली की परत येणं नव्हतं.

सातव्या मंगळवारी ओब्दुलिया बाईंनी कागद हातात घेतला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"रविवारीसुद्धा केलंस?"

"हो बाई. सकाळ-संध्याकाळ."

"परवाच्या रविवारी?"

"हो बाई."

"अगं, परवाच्या रविवारी तू लुपेच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला होतीस. सकाळी दहापासून. तुझ्या ताटात कोंबडी कुणी वाढली? मीच ना!"

मारिक्रूसचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं तिला झालं. आता नंबर जाणार, हे एकच डोक्यात. आठ महिने, आणि आता जाणार.

"बाई, यादीतून नाव नका काढू आमचं," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

बाई हसल्या. चांगल्या पोट धरून हसल्या. "अगं वेडे, मी अकरा आठवडे खोट्या खुणा केल्या होत्या. तू सहाच केल्यास, माझ्यापुढे कच्चीच आहेस. मला शिकवायला यायची ती गोरी मुलगी, बिचारी बर्फातून यायची, नाक लालबुंद. तिला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आपल्याला कुणी शिकवलंय का नाही म्हणायला?"

"तिला बोलू नका," चुलीपाशी उभी असलेली दोन्या हसिंता पाठमोरीच म्हणाली. "मीच करू देत नाही. लेकराच्या डोळ्यांपुढे बिस्किट धरायचं आणि द्यायचं नाही? आमच्या दारात आलेल्या परक्यालासुद्धा मागावं लागत नाही. आणि ही माझी नात! तिला भीक मागायला शिकवायची म्हणता?"

ओब्दुलिया बाई वाद घालतील असं मारिक्रूसला वाटलं. त्यांनी फाइल मिटून खुर्चीखाली ठेवली.

"हे राहू दे. तुला काय हवंय सांग. पोरीने काय शिकावं?"

"फाइलमध्ये आहे ते चांगलंच आहे, बाई."

"फाइलला नाही विचारलं मी."

मारिक्रूसने सितलालीकडे पाहिलं. पोरगी खिडकीखाली बाटल्यांची झाकणं ओळीने मांडत होती, रंगांप्रमाणे, एकही तिरकं नाही.

"आई ऑक्टोबरमध्ये जाणार," मारिक्रूस म्हणाली. "मी गाव सोडलं तेव्हा तिने दारात माझ्या कपाळावर क्रूस काढला होता. त्या आशीर्वादावर मी इथे नऊ वर्षं काढली. हिला तो मिळायला हवा. पण आईचा अंगठा टेकला की ही किंचाळते, डोकं आपटून घेते. तीन महिन्यांत एकदाही हात लावू दिला नाही तिने. मला तेवढंच हवंय, बाई. बोलणं-बिलणं नंतर."

दोन्या हसिंताने उलथनं जोरात आपटलं आणि तोंड फिरवून घेतलं. ती रडतेय हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

"दाखवा बरं, कसा काढता क्रूस," ओब्दुलिया बाईंनी तिच्यापुढे स्वतःचंच कपाळ केलं.

म्हातारीने अंगठा टेकवला. पिसासारखा हलका.

"इतका हळू?"

"मग? लेकराला दुखेल ना."

"तेच तर तिला दुखतंय, दोन्या हसिंता. माझ्या पोराचंही तसंच. हलका स्पर्श या मुलांना टोचतो. ही दाबणीच्या दांड्यावर कशी अख्खी लोंबकळते, पाहिलंत ना? तिला जोर लागतो. दाबा, चांगलं दाबा."

तीन महिने म्हातारी जितकं जपत होती तितकी पोरगी दूर पळत होती. हे ऐकून ती मटकन स्टुलावर बसली. "देवा, म्हणजे मीच," एवढंच म्हणाली. मारिक्रूसला तिची फार दया आली.

त्या दिवसापासून अभ्यास चुलीपाशी सुरू झाला. दोन्या हसिंता मक्याच्या पिठाचा गोळा हातात धरायची, सितलाली दाबणीपाशी उभी. पूर्वी गोळा आपोआप दाबणीत जायचा. आता थांबायचं होतं. फाइलमध्ये दहा सेकंद लिहिले होते, पण या घरात सेकंद कुणी मोजले नव्हते.

"एक नमो मारिया म्हणा मनात," बाई म्हणाल्या. "पूर्ण. मग द्या. भीक नाही मागायची तिने. तिला बोलायची जागा द्यायची. आपण सगळे तिच्या आधीच बोलून मोकळे होतो."

पहिल्या दिवशी म्हातारीने नमो मारिया इतक्या सपाट्याने म्हटली की पाद्रींनी ऐकली असती तर पुन्हा म्हणायला लावली असती.

"आई, तू चोरी करतेस!"

"माझी प्रार्थना, माझा देव. तू तुझं भांडं घास."

पण हळूहळू ती थांबायला लागली. ऑगस्टमध्ये सितलालीने गोळ्यावरून नजर उचलून आजीच्या तोंडाकडे पाहिलं. मग आजीचं मनगट ओढायला लागली. सप्टेंबरच्या एका दुपारी ती म्हणाली, "अजून." दोन्या हसिंताने त्या दिवशी तिला चाळीस तोर्तिया करू दिल्या आणि अन्सेल्मो, मारिक्रूसचा नवरा, दोन दिवस त्याच खात होता. कागदावर खऱ्या खुणा पडू लागल्या, आणि रिकामे चौकोनही. रिकामे चौकोन पाहून बाई जास्त खूश व्हायच्या.

दाबणंही चालू होतं. आधी खांदे, मग पाठ, मग डोक्याचा वरचा भाग. कपाळापर्यंत मात्र कधी जमलं नाही. हात तिथे आला की पोरगी सटकायची.

आणि ऑक्टोबर आला.

त्या सकाळी अन्सेल्मो पेटी घेऊन खाली गेला. दाबणी पेटीत नव्हती, ती चुलीपाशीच ठेवली होती. रस्त्यात दुसऱ्या गाडीला खेटून उभ्या केलेल्या त्याच्या गाडीचा हॉर्न वाजला. दोन्या हसिंता कोट घालून दारात उभी राहिली. तिने मारिक्रूसला जवळ घेतलं, तिच्या कपाळावर क्रूस काढला, आणि मारिक्रूस लहान पोरीसारखी रडली. मग म्हातारी गुडघ्यांचं दुखणं गिळून खाली वाकली, तळहात उघडला, आणि तसाच हवेत धरून ठेवला.

सितलाली झाकणं मांडत होती.

म्हातारीचे ओठ हलत होते. एक नमो मारिया संपली. काहीच झालं नाही. मारिक्रूसला वाटलं, उचलावं पोरीला, नेऊन उभं करावं, पाय झाडले तर झाडू देत. एकदाच तर आहे. नंतर कधी होणार आहे? तिने दोन्ही हात पाठीमागे बांधून घेतले. दुसरी नमो मारिया संपली. खाली पुन्हा हॉर्न.

सितलालीने शेवटचं पिवळं झाकण ओळीत सरकवलं. उठली. आजीकडे न बघताच आली आणि बोकडाने द्यावी तशी धडक देऊन कपाळ त्या तळहातात खुपसलं.

दोन्या हसिंताने दाबलं. सगळं बळ लावून दाबलं. मग अंगठा रोवून वरून खाली, डावीकडून उजवीकडे, पीठ मळावं तसा ठसठशीत क्रूस काढला. सितलाली किंचाळली नाही. तिने डोळे मिटले होते.

म्हातारीने हात उचलला. आणि कपाळापासून चार बोटं वर, हवेत थांबवला.

"आई, दे ना तिला," मारिक्रूसच्या तोंडून जवळजवळ निघालंच होतं. मग तिला कळलं. म्हातारी थांबली होती. जन्मात कुणाला काही मागायला न लावलेली तिची आई हात राखून थांबली होती, आणि तिचे ओठ हलत होते, सावकाश, एक शब्दही न चोरता.

प्रार्थना निम्म्यावर आली असेल.

"अजून," सितलाली म्हणाली. आजवर हा शब्द तिने फक्त पिठासाठी वापरला होता.

म्हातारीने पुन्हा क्रूस काढला. तिच्या डोळ्यांतलं पाणी हनुवटीपर्यंत आलं होतं, ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. खाली अन्सेल्मोने तिसऱ्यांदा हॉर्न दिला.

"आई, विमान," मारिक्रूस म्हणाली.

"वाजवू दे त्याला," दोन्या हसिंता म्हणाली, आणि पुन्हा हात उचलून थांबली.