पायाळू सासूबाई आणि मला टोचलेला काटा

मी एक जुनी अन्ननलिका आहे. माझा मालक टिमोटेओ. फिलिपिन्समध्ये, पांगासिनानच्या खाडीकाठी त्याची बांगुस माशांची तळी आहेत. लांबीला मी वीतभराहून जरा जास्त, बढाया मात्र मैलभर. मित्रांनो, घास माझ्यात नुसता पडतो असं समजू नका. त्याच्या मागे मी आवळते, पुढे सैल सोडते आणि ढकलत नेते. लहानपणी टिमोटेओनं पैजेखातर माडावर उलटं लटकून केळं खाल्लं. मी ते चक्क वर चढवलं! तेव्हापासून शेजारचं जठर मला मान देऊन बोलतं.

नकार देणं मात्र मला जमत नाही. घास गिळायचा की थुंकायचा, हे टिमोटेओनं ठरवायचं. पण एकदा गिळायला सुरुवात झाली की मेंदूच्या बुडाशी बसलेला मुकादम हुकूम सोडतो : श्वासाची वाट बंद, माझं दार उघड! मग ते कुणालाच थांबवता येत नाही.

त्या दुपारी भाजलेला बांगुस पुढ्यात आला. नुसत्या वासानंच जठरानं आंबट पाणी सोडलं. बांगुसला काटे फार, आणि टिमोटेओ खाताना बडबडत होता. खच्! एक काटा माझ्या भिंतीत आडवा रुतला.

“भाताचा गोळा गिळ, जाईल खाली,” बायको कोर्दिंग म्हणाली.

गोळा आला, हुकूम आला, मी ढकललं. गोळा गेला, काटा मात्र आणखी खोल घुसला. भिंतीला लागूनच रक्ताची मोठी वाहिनी धडधडत होती. काटा आरपार गेला असता, तर टिमोटेओ संपलाच असता.

“आणखी एक गोळा घे.”

“जीव जातोय गं!”

“मग नानायला बोलावते. माझी आई पायाळू आहे, जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आले. तिचा हात गळ्यावरून फिरला की काटा सुटतो, सगळं गाव येतं तिच्याकडे.”

“तिला? त्यापेक्षा मेलेलं बरं!”

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंनी, म्हणजे उर्बानानं, त्याचा झुंजीचा कोंबडा चुकून रश्श्यात घातला होता. तेव्हापासून त्यानं अबोला धरला होता. (कोंबडा फर्मास होता. मीच उतरवला. पण हे त्याला सांगू नका.)

उर्बाना आलीच. मागोमाग अंगणभर शेजारी.

“काय जावईबापू, माशानं सूड उगवला का?” तिनं तळवा गळ्यावर ठेवला, फिरवला. काटा तसूभरही हलला नाही. काट्यामुळे टिमोटेओच्या तोंडात लाळ साचत होती आणि तो घाबरून आवंढ्यामागून आवंढे गिळत होता. प्रत्येक आवंढ्याला माझी लाट उठायची आणि काटा आत शिरायचा. तिच्या तळव्याला ते कळलं.

“परत गिळलंस! थुंक, या भांड्यात थुंक!”

“नानाय, अजून एकदा हात फिरव ना,” कोर्दिंग रडकुंडीला आली.

उर्बानानं शेजाऱ्यांकडे पाहिलं. मग मोठ्यानं म्हणाली, “हा काटा माझ्या हाताला यायचा नाही. तो भात उचल आधी, आणि ट्रायसिकल रिक्षा बोलाव. दवाखाना गाठायचाय.”

असं तिनं आजवर कधी कबूल केलं नव्हतं.

वाटभर तिनं गळ्यावरचा हात काढला नाही. “गिळलंस तर दुसराही कोंबडा शिजवीन,” ती बजावत होती. टिमोटेओ थुंकत राहिला. रस्त्यात खड्डा आला की मी दगडासारखी आखडायची.

दवाखान्यात वरून दिव्याची नळी उतरली. जन्मात पहिल्यांदा माझ्यात उजेड पडला. चिमट्यानं काटा धरला, सोडवला, वर नेला.

“अजून एक गोळा गिळला असता, तर भिंत फाटली असती,” डॉक्टर म्हणाले.

मित्रांनो, जेवताना गप्पा आवरा, घास नीट चावा आणि काटा अडकलाच, तर त्याच्यावर भात लादू नका. थेट दवाखाना गाठा. आम्ही आतली मंडळी हुकमाची ताबेदार आहोत. आमची काळजी तुम्हीच घ्यायची.

दुसऱ्या दिवशी उर्बानानं पातळ पेज आणली. टिमोटेओनं एक घोट घेतला. मी तो जपून, हळूहळू खाली नेला.

“मीठ कमी पडलंय,” तो तिला म्हणाला.

तीन वर्षांतलं ते पहिलं वाक्य. उर्बाना मीठ आणायला उठली, आणि तिची पाठ वळताच त्यानं वाटी रिकामी केली.