उजेडबाबाचा पट्टा

बंद पडलेल्या कापडगिरणीच्या आवारात दिवस मावळताना पाय ठेवायला जागा नसायची. भिंतीवर माणसं, पत्र्यावर माणसं, बापांच्या खांद्यावर पोरं. मधे चौथरा. त्याच्यासमोर लोखंडी खांब, आणि प्रत्येक खांबाला एक आजारी माणूस बांधलेला. कुणाला फिट यायची, कुणी एकटंच बडबडायचं, एकीला मूल होत नव्हतं. डॉक्टरकडे न्यायची ही माणसं. ती खांबाला होती, आणि त्यांच्या घरच्यांच्या हातात गिरणीच्या यंत्राचा कातडी पट्टा होता.

मारायचं घरच्यांनीच, हा उजेडबाबाचा नियम. परक्याचा मार कातडीला लागतो, आपल्या माणसाचा मार आतल्याला, अंगात शिरलेल्याला लागतो, असं तो माइकवर लाडात येऊन सांगायचा. स्वतः त्याने पट्ट्याला कधी बोट लावलं नाही. तक्रार करायला जाणार कोण, आणि नाव सांगणार कुणाचं? स्वतःचंच. इतका पक्का बंदोबस्त होता.

बाबा सकाळी निरोप धाडायचा, आज उजेड आहे. संध्याकाळी आकाशात उजेड फुटेपर्यंत मारत राहायचं. आणि उजेड फुटायचा, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. खाली अंधार पडलेला, आणि वर अचानक एक सोनेरी रेघ उमटली. वाकडीतिकडी होत ती अर्ध्या आकाशात पसरली. लोक जमिनीवर आडवे झाले. पट्टे थांबले, खांबावरचं रडणंही थांबलं. बाबा म्हणाला, बघा, आतलं निघून गेलं. मार थांबला की रडणं थांबतं, एवढं त्या हजारभर माणसांत कुणाला सुचलं नाही.

एकदा उजेड आलाच नाही. त्या दिवशी खांबाला शिंप्याचा मुलगा होता. स्वतःशी बोलायचा, बाकी कुणाच्या अध्यात ना मध्यात. शिंपी मारत राहिला, बाबा म्हणत राहिला, आतलं चिवट आहे, हात आखडू नकोस. पोरगा खांबावरच गेला. बाबाने सांगितलं, आतलं त्याला घेऊन गेलं, बापाने शर्थ केली. त्यानंतर शिंप्याइतका कडवा भक्त दुसरा नव्हता. दुसरं करणार काय? बाबा खोटा ठरला तर तो पोराचा खुनी ठरत होता.

मी पंपाच्या मोटारी भरून देणारा माणूस. जळालेली तार काढायची, नवी गुंडाळायची. शिकली ती माझ्या पाठची बहीण. विमानं जातात त्याच्या कितीतरी वर, जिथे फुगा चढत नाही आणि उपग्रह टिकत नाही, तिथला वारा मोजण्यात तिची सगळी नोकरी गेली. तिथे नेऊन पंखा कोण लावणार? म्हणून संध्याकाळी समुद्रकाठावरून रॉकेट सोडायचं आणि वर धातूची वाफ उडवायची. आपल्याकडे सूर्य बुडालेला असतो, तिथे वर अजून ऊन असतं. त्या उन्हात वाफ उजळते, वारा तिला ओढत नेतो, आणि हे लोक खालून फोटो काढून वाऱ्याचा हिशोब मांडतात. गावात तिला ढगवाली म्हणायचे. हिने काय उजेड पाडला, असंही विचारायचे.

आमच्या धाकट्या भावाच्या बायकोला फिट येते. गोळ्यांवर छान होती. गोळ्या आतल्याला पोसतात, असं बाबा म्हणाला आणि धाकट्याने त्या गटारात फेकल्या. पुढच्या उजेडाला तिला नेतो म्हणाला. मी त्याच्या कानाखाली वाजवली, त्याने माझा ओठ फोडला. फौजदाराकडे गेलो, तर त्याची आई बाबाच्या पहिल्या रांगेतली. मग बहिणीला फोन लावला.

मी आकाशातल्या उजेडाचं सांगितलं तशी ती म्हणाली, थांब, लिहून घेते. मग तिने रंग विचारला. सोनेरी, नारिंगीकडे झुकणारा, मी म्हणालो. कुठल्या दिवशी, किती वेळ, हेही विचारून घेतलं. उजेड आला नाही त्या दिवसाचं आणि शिंप्याच्या मुलाचंही मी सांगितलं.

"दादा, तो मी लावला होता," ती म्हणाली. "सोडियमची वाफ. रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यात असते तीच. आणि तो शिंप्याचा मुलगा गेला त्या दिवशी आमच्या कॅमेऱ्यांवर ढग आले होते. मी उड्डाण रद्द केलं."

पुढचंही रद्द कर, मी म्हणालो. ती म्हणाली, मग वहिनीला कधीपर्यंत मारतील? मग तू स्वतः ये, मी म्हणालो.

उड्डाणाच्या दिवशी ती आली. मी तिला आणायला बसस्टँडवर गेलो तेवढ्यात धाकट्याने डाव साधला. आम्ही गिरणीत पोचलो तेव्हा भावजय खांबाला होती, आणि तिच्या पाठीवरचा पदर रक्ताने चिकटला होता. बाबा माइकवर रंगात आला होता. सोनं येईल, माझ्या लेकरांनो, अस्सल सोनं, घासून बघा, दोन नंबरचा माल आपण ठेवत नाही.

मी खांबाला मिठी मारली, भावजयीला पोटाशी झाकून. धाकटा थांबला नाही. पट्टा माझ्या पाठीवर पडायला लागला. "वन्सं आल्यात का?" एवढंच ती कानाशी पुटपुटली.

वन्सं चौथऱ्यावर चढली होती. पहिला दगड शिंप्याने मारला. तो तिच्या कपाळाला लागला. रक्त डोळ्यात उतरलं, ते पुसून तिने माइक ओढून घेतला.

"मारायचं तर मारा. आधी याला रंग सांगू दे."

गर्दीला हे आवडलं. सांगा बाबा, बंद करा हिचं तोंड. बाबा हसला, म्हणाला, सोनेरी, दुसरा कुठला?

"हिरवा येईल," बहीण म्हणाली. "आधी हिरवा गोळा. मग त्यातून जांभळी रेघ वेगळी निघेल. त्या उंच धुराड्याच्या डावीकडे."

तिने फोन माइकला लावला. दूर समुद्रकाठावर तिचा सहकारी उलटे आकडे मोजत होता. शून्य झालं आणि तो म्हणाला, सुटलं. आकाशात काहीच नव्हतं. रॉकेटला वर पोचायला वेळ लागतो, हे गर्दीला कोण सांगणार? बाबा ओरडला, हाणा, हिच्या पापाने उजेड अडलाय. धाकट्याने दात आवळून हाणलं. माझ्या बरगडीत काहीतरी तुटलं.

मग धुराड्याच्या डावीकडे हिरवा ठिपका फुटला. फुगत त्याचा गोळा झाला. त्याच्या कडेने जांभळी रेघ सुटली आणि गोळ्यापासून लांब सरकत गेली.

बाबा घाईने म्हणाला, आज आतलं हिरवं होतं. पत्र्यावरून कुणीतरी फिस्सकन हसलं. त्या हसण्याने बाबा संपला.

बहिणीने सगळं उलगडून सांगितलं. सोडियम सोनेरी, आज भरलेलं बेरियम हिरवं. जांभळा भाग विजेने भारलेला, म्हणून पृथ्वीचं चुंबकत्व त्याला ओढतं. आणि बाबाचा मेव्हणा बंदरावर बर्फ विकतो, हे तिने तिथे विचारून काढलं होतं. रॉकेट सुटायचं असलं की सकाळीच होड्या थांबवतात, मेव्हणा इकडे फोन करतो. उड्डाण ऐनवेळी रद्द झालं तर मेव्हण्याला कळत नाही, बाबालाही नाही.

शिंपी हे ऐकत होता. त्याने धाकट्याच्या हातातून पट्टा घेतला आणि चौथऱ्यावर चढला. त्याच्यामागे गर्दी, हातात विटा. उजेडबाबा टेबलाखाली शिरला. माझी बहीण, कपाळ फुटलेली, त्या टेबलापुढे उभी राहिली.

शिंप्याने विचारलं, "ताई, त्या दिवशी तुम्ही सोडलं असतं तर माझा पोरगा वाचला असता?"

"हो," ती म्हणाली. "आणि तुम्ही पट्टा खाली ठेवला असता तरी वाचला असता."

मग पट्टा त्याच्या हातातून गळला आणि तो चौथऱ्यावर बसून ओरडायला लागला. तसं ओरडणं मी पुन्हा ऐकलेलं नाही. विटा एकेक करून खाली आल्या. फौजदाराच्या आईनेच मुलाला सांगितलं, याला आत घाल.

भावजय आता माझ्याकडे असते, गोळ्या घेते, शिवण शिकते. धाकटा रोज संध्याकाळी येऊन दाराशी उभा राहतो. ती दार उघडत नाही, आणि मी तिला उघड म्हणत नाही.

वाचणाऱ्यांनो, सोडियम आणि बेरियम विसरलात तरी चालेल. कुणी आकाशाकडे बोट दाखवून तुमच्या हातात पट्टा दिला, तर उजेड खरा की खोटा ते सावकाश तपासा. त्याला वेळ लागतो. पट्टा मात्र आधी खाली ठेवा.