बारापैकी बारा

चिमी नऊ वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. ऐकू चांगलं यायचं, कळायचंही सगळं, पण शब्द काही ओठांबाहेर पडत नव्हते. डॉक्टरांनी हो-नाहीची चित्रं दिली होती, ती तिने आठवड्याभरात चावून त्यांचा चोथा केला. मग आईने आपलं डोकं चालवलं. आई शिवणकाम करायची, दिवसभर मशीनवरच असायची. तिने चिमीला दोन खिशांचा एप्रन शिवला. उजव्या खिशावर हिरवं ठिगळ म्हणजे हो, डाव्यावर लाल म्हणजे नाही. त्या दिवसापासून घरात चिमीचा शब्द शेवटचा ठरू लागला. खिशावर थाप मारून ती मोकळी व्हायची, मग हुज्जत घालणार कोणाशी?

शाळेला मात्र हे पटत नव्हतं. मुख्याध्यापिकाबाईंच्या मते पोरीला काही कळत नाही, आईच आपल्या मनाने अर्थ लावते. वर्षभर आईने शाळेचे उंबरे झिजवले, अर्जांवर अर्ज केले, नको नको ते ऐकून घेतलं. शेवटी असं ठरलं की बाहेरून एक तपासनीस बाई येतील आणि बारा प्रश्न विचारतील. उत्तरं जमली तर चिमी याच शाळेत राहील. नाहीतर तिला लांबच्या निवासी शाळेत ठेवायचं, महिन्यातून एकदा घरी आणायचं. भूक लागली हे सांगायलाही जिला आईचा एप्रन लागतो, तिला महिना महिना परक्या घरी ठेवायचं म्हणे!

मोठ्या माणसांसमोर पोर विटक्या एप्रनमध्ये जायला नको, म्हणून आईने आदल्या दिवशी घाईघाईने नवा शिवला.

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत तपासनीस बाईंनी कागद पुढे ओढला. रंगांचा अर्थ त्यांनी आधीच लिहून घेतला होता. मासे पाण्यात राहतात का, असं विचारल्यावर चिमीने लाल खिशावर थाप मारली. टेबल खातात का म्हटल्यावर हिरव्या. शेजारी बसलेली आई खुर्चीत पुढे सरकली. प्रश्नामागून प्रश्न गेले, फुलीवर फुली पडत राहिली. बारावा प्रश्न होता, ही तुझी आई का? चिमी आईकडे बघून गोड हसली आणि तिने लाल खिशावर थाप मारली.

तेव्हा कुठे आईचं लक्ष रंगावरून हातावर गेलं. चिमीचा हात बरोबर उजव्याच खिशावर होता. रंग बघायची तिला कधी गरजच पडली नव्हती. चूक कापडात होती. आईने घाईत कापडाच्या उलट्या बाजूने खुणा केल्या होत्या, आणि सुलट केल्यावर उजवीकडचं डावीकडे गेलं होतं. शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना ज्या चुकीसाठी ती फैलावर घ्यायची, तीच तिने केली होती. लाजेने तिचे कान तापले, पण लाजत बसायची ही वेळ नव्हती.

"मॅडम, चूक माझी आहे, पोरीची नाही," ती उभी राहून म्हणाली. "मी ठिगळं उलटी लावली."

मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, बघा, हेच मी वर्षभर सांगतेय, सोयीचा अर्थ लावायचा.

"माझा अर्थ राहू द्या. तुम्ही नुसतं मोजा," आई म्हणाली. "बारापैकी बारा चुकली. जिला काहीच कळत नाही तिची चार-पाच तरी चुकून बरोबर आली असती. सगळी चुकायला सगळी कळावी लागतात, मॅडम."

तपासनीस बाईंचं पेन थांबलं. त्यांनी कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मग त्यांनी आईला बाहेर जायला सांगितलं. आता रंग सोडून हात बघणार आणि नवे बारा प्रश्न विचारणार, असं त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर चिमीचे बाबा अर्ध्या दिवसाची रजा टाकून बसले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, पंधरा वर्षं लोकांचे कपडे नीट शिवलेस आणि चुकायला मुहूर्त बरा आजचा सापडला. बोलले चेष्टेत, पण नजर त्यांचीही बंद दारावरच होती. आईला आपल्या हातांचा इतका राग आला होता की ते तिने मांडीखाली दाबून धरले होते.

वीस मिनिटांनी दार उघडलं. आधी चिमी बाहेर आली. एप्रनचा उजवा खिसा एका दोऱ्यावर लोंबत होता. आत पोरीने काय गोंधळ घातला या विचाराने आई उठून उभी राहिली. मागोमाग तपासनीस बाई आल्या.

"बाराच्या बारा बरोबर," त्या म्हणाल्या. "मग तेरावा मी माझ्या मनाने विचारला. याच शाळेत राहायचंय का? तर थापा मारमारून तिने खिसाच उसवला. मी अहवालात तसंच लिहिलंय. ती इथेच राहील."

आई मटकन बाकावर बसली आणि वर्षभराचं सगळं तिथेच रडून मोकळी झाली. चिमीने दोन्ही हातांनी तिचे डोळे पुसले आणि घरी चल म्हणून तिला ओढू लागली. बाबांनी लोंबता खिसा हातात धरून विचारलं, आता हा परत शिवशील ना? आई नुसती मान हलवत हसत राहिली. आपल्या हातची शिवण उसवलेली बघून तिला इतका आनंद कधी झाला नव्हता.