पूर्वेच्या दारातला पुकारा

आमच्या काउंटीच्या कोर्टात पक्षकार हजर नसला, तर त्याचा पुकारा पूर्वेच्या दारात होतो. बेलिफानं उंबऱ्यावर उभं राहायचं, चौकाकडे तोंड करायचं आणि पूर्ण नाव तीनदा घ्यायचं. प्रत्येक वेळी मध्ये एक श्वास थांबायचं. मग आत येऊन एका छापील कागदावर सही करायची. ‘वरील नावाचा तीनदा स्पष्ट पुकारा केला, कोणी हजर झालं नाही.’ त्या सहीनंतर न्यायाधीश एकतर्फी निकाल देऊ शकतात. घर जातं, लग्न मोडतं, कधी मूलही जातं.

माझे वडील वेल्डन प्रुइट एकतीस वर्षं हा पुकारा करत होते. त्यांचा आवाज चौक ओलांडून समोरच्या बियाणांच्या दुकानात जायचा. दुकानदार डब कॅसलबेरी म्हणायचा, “वेल्डन, तू बोलावतोस ते येत नाहीत, पण माझी गिऱ्हाइकं मात्र दचकून पळतात.” बाबा ते ऐकून खूश व्हायचे. दाखवायचे नाहीत.

जूनमध्ये ते गेले. घशाचा कॅन्सर होता.

ऑगस्टच्या शेवटी एक तरुण वकील बाई लायब्ररीत आली. मी काउंटीच्या लायब्ररीत काम करते. दुपारी तिथं माझ्याशिवाय सहसा कोणी नसतं.

“मिस प्रुइट? मी कोरिन स्ट्रेली. रोहेलियो तिहेरिनाची वकील.”

नाव ऐकताच माझ्या मानेवर काटा आला. का, ते त्या क्षणी मला कळलं नाही.

तिनं उभ्यानंच सांगितलं. अकरा मार्चला तिच्या अशिलाचं प्रकरण बोर्डावर होतं. सहा वर्षांच्या मुलीचा, मॅरिसोलचा ताबा. बायकोला मुलीला घेऊन ऑरेगनला जायचं होतं. पुकारा झाला, तो उठला नाही, एकतर्फी निकाल लागला. मूल गेलं. आता त्याला फोनही करायची परवानगी नाही.

“उठला का नाही?” मी विचारलं.

“तो दाराशीच होता, मॅडम. आत कारकुनानं सांगितलं की नाव दारात घेतात. म्हणून हा समोर पिकानच्या झाडाखाली बाकावर बसला. दहा पावलांवर. चुकायला नको म्हणून.”

“मग?”

“तो सांगतो, एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले. त्यांनी हॅट काढली. याच्याकडे पाहिलं आणि त्यांचे ओठ हलले. याला वाटलं, प्रार्थना करतायत. म्हणून यानंही हॅट काढली आणि मान खाली घातली.”

मी टेबलावरची पुस्तकं सरळ केली. ती सरळच होती.

“मला यातलं काही माहीत नाही,” मी म्हटलं.

“बरं.” तिनं कार्ड ठेवलं. “मी तुमच्या वडिलांबद्दल वाईट बोलायला नाही आले. त्या दिवसांत त्यांचा आवाज कसा होता, एवढंच विचारायचं होतं.”

ती गेल्यावर मी ते नाव आवाज न करता, नुसत्या ओठांनी म्हणून पाहिलं. जीभ आधी टाळूकडे जाते, तोंड गोल होतं, मग आडनावाला ओठ दोन्हीकडे ताणले जातात. मी तिथंच खाली बसले. तो आकार मी पाहिला होता.

शेवटच्या तीन आठवड्यांत बाबा खिडकीजवळच्या पलंगावर पडून पुकारा करायचे. आवाज जानेवारीतच गेला होता, नुसते ओठ हलायचे. एक नाव तीनदा, मध्ये एक श्वास. मग दुसरं नाव. मला ओठांवरून ओळखता येऊ लागलं होतं. कोणे एके काळी न आलेली माणसं होती ती. काही माझ्या शाळेतल्या मुलांचे बाप, काही आता मेलेले. एक लांब नाव मात्र मला कधी ओळखता आलं नाही. तेच सगळ्यांत जास्त वेळा यायचं. ते घेतल्यावर बाबा दाराकडे बघायचे आणि थांबायचे, एका श्वासापेक्षा जास्त.

ते गेल्यावर घर शांत होईल असं मला वाटलं होतं. हाक ऐकू येत नाही, हे खरं आहे. पण हाक मारली गेल्याचं कळतं. भांडी विसळताना, पुस्तकांच्या कपाटांमध्ये, भर दुपारी कपडे वाळत घालताना मी वळून बघायचे. तीनदा. मग हात पुसायचे आणि पुढचं काम करायचे. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. पण वळायचे.

खरं काय ते मला माहीत होतं. जानेवारीपासून रोज सकाळी मीच त्यांना कोर्टात सोडत होते. न्यायाधीश हॅगूड बाईंना त्यांनी चिठ्ठी लिहून दिली होती, ‘सर्दी आहे, चार दिवसांत उतरेल.’ न्यायाधीश आत येताना ते नुसता हात वर करायचे. एकतीस वर्षांची सवय, सगळे उभे राहायचे. कोणाला काही जाणवायचं नाही. अडचण फक्त दारात होती. म्हणून गाडीत ते सराव करायचे. मी रेडिओ बंद करायचे. ते छाती भरून घ्यायचे, गळ्याच्या शिरा फुगायच्या आणि बाहेर यायचा तो फक्त वारा, दाराच्या फटीतून येतो तसा. मग ते माझ्याकडे बघायचे.

“आज आवाज बराच मोकळा वाटतोय,” मी म्हणायचे.

रोज म्हणायचे. अकरा मार्चलाही म्हटलंच असणार.

तिसऱ्या दिवशी मी कोरिन स्ट्रेलीला फोन केला.

आमच्याकडे बातमी पोस्टाच्या आधी पोचते. शनिवारी मी कुत्र्याचं खाणं घ्यायला डबच्या दुकानात गेले, तेव्हा तो पोतं न उचलताच म्हणाला, “काय गं लेनोरा, बापावर साक्ष देणार म्हणे?”

“बापावर नाही. त्याच्या आवाजावर.”

“एकच झालं. आणि वेल्डननं सही केलेले बाकीचे निकाल? तेही उकरणार? माझ्या मेव्हण्याला शेत अशाच निकालात मिळालंय.”

“तुझ्या मेव्हण्याच्या दाव्यात समोरच्याचं नाव घेतलं तेव्हा बाबांचा आवाज तुझ्या दुकानापर्यंत आला होता. तूच सांगितलं होतंस.”

डबनं पोत्याला हात घातला. मग खिडकीतून चौकाकडे बघत म्हणाला, “या वर्षी नव्हता येत. मी म्हटलं, मीच बहिरा झालो.” त्यानं पोतं माझ्या गाडीत ठेवून दिलं. एरवी तो ते कधी करत नाही.

सुनावणी सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी होती. रोहेलियो तिहेरिनाला मी पहिल्यांदा तिथं पाहिलं. पस्तिशीचा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस. नखांत कापसाच्या जिनिंग यंत्राचं काळं तेल बसलेलं होतं. तो मागच्या ओळीत बसला होता. पुढच्या खुर्च्या कोणासाठी असतात, ते त्याला कोणी सांगितलं नसावं.

मी पिंजऱ्यात उभी राहून शपथ घेतली आणि गाडीतलं सगळं सांगितलं. मी काय म्हणायचे, तेही.

बायकोच्या बाजूचे वकील व्हँडिव्हर उलटतपासणीला उठले. सभ्य माणूस, बाबांच्या अंत्ययात्रेला आले होते.

“मिस लेनोरा, तुम्ही ग्रंथपाल. तुमच्याकडे कुजबुजलं तरी तुम्ही डोळे वटारता. मोठा आवाज म्हणजे काय, याचं तुमचं माप जरा वेगळं नाही का?”

कोर्टात थोडं हसू आलं. मलाही.

“असेल,” मी म्हटलं. “पण माझ्या मापानंही तो नव्हता.”

“अकरा मार्चला तुम्ही दारात होतात?”

“नाही.”

“मग ऐकू गेलं नाही, हे कशावरून सांगता?”

“रोज सकाळी उतरताना ते मला ‘येतो’ म्हणायचे. मी दोन फुटांवर असायचे. कळायचं ते ओठांवरून.”

ते बसले. न्यायाधीश हॅगूड बाईंनी चष्मा काढून हातात धरला होता. त्या रोज दुपारी बाबांबरोबर डबा खायच्या. एरवी भेटल्या की मला ‘पोरी’ म्हणायच्या. आज नाही म्हणाल्या.

“साक्षीदार, आपला आवाज पोचत नाही, हे त्यांना माहीत होतं?”

“हो, मॅडम. आणि मलाही.”

“मग तुम्ही आत्ताच का सांगता आहात?”

मी खिडकीजवळच्या पलंगाबद्दल सांगितलं. व्हँडिव्हर अर्धवट उठले आणि हरकत न घेताच पुन्हा बसले. “त्यांनी त्याला बाकावर ओळखलं होतं का, ते मला माहीत नाही,” मी म्हटलं. “ते मला कधीच कळणार नाही. पण ते त्याला बोलावत होते. शेवटपर्यंत.”

न्यायाधीशांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“तो पुकारा कसा होता, ते दाखवता येईल? नोंदीसाठी.”

मी मागच्या ओळीपलीकडच्या पूर्वेच्या दाराकडे तोंड केलं. छाती भरून घेतली, बाबा घ्यायचे तशी. रोहेलियो तिहेरिना. एक श्वास. रोहेलियो तिहेरिना. एक श्वास. तिसऱ्यांदा घेताना माझ्या गळ्यात माझा स्वतःचा जोर नव्हता. कोणाचा होता, ते मी सांगणार नाही.

समोर बसलेल्या स्टेनोची बोटं यंत्रावर तशीच थांबली होती. ती न्यायाधीशांकडे वळली. “माफ करा, मॅडम. मला काही लिहून घेता आलं नाही.”

तेव्हा मागच्या ओळीत खुर्ची सरकली. रोहेलियो उभा होता.

“हजर आहे,” तो म्हणाला. आवाज खणखणीत होता. स्टेनोची बोटं लगेच हलली.

कोणी त्याला बस म्हटलं नाही. न्यायाधीशांनी मार्चचा एकतर्फी निकाल रद्द केला, मुलीला ऑक्टोबरच्या तारखेला इथं आणायचा हुकूम लिहिला आणि फायलीतला पुकाऱ्याचा तो छापील कागद कारकुनाकडे दिला. मी पिंजऱ्यातून उतरताना त्याच्या टेबलाजवळून गेले. तो ‘रद्द’चा शिक्का हातात घेऊन कागदावर जागा शोधत होता. त्यानं कागद थोडा फिरवला आणि शिक्का छापील ओळीवर मारला. बाबांच्या सहीला शाई लागू दिली नाही.