पायरीवरचं नाव

फुलीच्या टाक्याला गोल जमत नाही. चंद्र काढा, चेहरा काढा, कडेला खाचा पडतातच. तरी बायका माझ्याकडे येऊन हंसच मागतात. गोल मानेचे! त्या मेल्या हंसांनी माझा जीव खाल्लाय. रुखवतात हंस, उशीच्या अभ्र्यावर हंस, टीव्हीच्या कव्हरवर हंस. छापील नमुना आणायचा आणि त्यातले चौकोन मोजत बसायचं, यापुढे कुणाची उडी जात नाही. मी गंगापूर रोडला घरीच क्रॉस स्टिचचे वर्ग घेते, त्यामुळे मला हे रोज बघावं लागतं.

आभाची उडी जायची. आभा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. विकतचा नमुना घेणं तिला कमीपणाचं वाटायचं. आलेखाचा कागद आणि रंगीत पेन्सिली घेऊन ती माझ्या वर्गात कोपऱ्यात बसायची आणि स्वतःचं काहीतरी रचायची. कधी द्राक्षाचा मांडव, कधी भांड्यांची फळी. खोडरबराने कागदाला भोक पडेपर्यंत खोडायची. मी ओरडायचे, "अगं, एकदाचं ठरव!" तर म्हणायची, "मावशी, एक चौकोन चुकला की सगळंच सरकतं." बोलण्यात हार जायची नाही कार्टी.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर तिचा गौरांगशी साखरपुडा झाला. मुलगा सातपूरला एका कारखान्यात इंजिनिअर. उंच, सावळा, हसला की थोडा बावळट दिसायचा. मला पहिल्या भेटीत आवडला. दोघं एकदा संध्याकाळी नदीच्या घाटावर फिरायला गेली, तिथे शेवाळावरून याचा पाय घसरला आणि भर गर्दीत हा पायरीवर बसला. आभा घरी येऊन ते सांगताना हसून हसून खोकायला लागली होती. रुखवतासाठी तिने तोच घाट घेतला.

आणि काय नमुना काढला हो! पायऱ्या म्हणजे फुलीच्या टाक्याचं माहेर. जिथे गोल लागतो तिथे हा टाका रडतो, पण पायरी आपोआप पडते. काळ्या दगडाची हवी ती छटा लडीत मिळेना, तर हिने काळ्याचा एक पदर आणि राखाडीचा एक पदर एकाच सुईत ओवला. पायऱ्यांच्या उभ्या दगडात दोघांची नावं होती. वरच्या पायरीत आभा, खालच्या पायरीत गौरांग. वेगळा रंग नाही, दगडाचाच पण किंचित उजळ. जवळून नुसता घाट दिसायचा, चार पावलं मागे गेलं की नावं दिसायची. मी आयुष्यात कुणाचा हेवा केला नाही, तो नमुना बघून मात्र केला.

जानेवारीत गौरांग गेला. सकाळच्या पाळीला निघाला होता, त्र्यंबक रोडवर धुकं होतं, मागून ट्रक आला. लग्नाची पत्रिका छापून आली होती.

आभाचे काका रामकुंडावर यजमानांची कार्यं करतात, तेव्हा तिने त्यांनाच विचारलं, "काका, मला सुतक किती दिवसांचं?" ते खरं तर चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुला नाही गं बाळ. तू नुसती आंघोळ कर." म्हणजे झालं! साखरपुड्याचं सुतक नसतं. बायको नाही, बहीण नाही, कुणीच नाही. शेजारी कुणी गेलं तरी लोक एक दिवस गोड करत नाहीत, आणि या पोरीला संक्रांतीला घरात गुळाची पोळी वाढली. तिने ती खाल्ली. मी बघत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक जात होती. ती रडत नव्हती, बोलत नव्हती, संध्याकाळी ते कापड रिंगला लावायची आणि घाटाचं पाणी भरत बसायची. तिला शोक करायला तेवढंच काय ते होतं.

माझे मेव्हणे, आभाचे वडील वेणीमाधव यांना मात्र दम नव्हता. सरकारी कचेरीत आयुष्य गेलेलं, लोक काय म्हणतील हा एकच विषय पक्का. "पांढऱ्या पायाची असं एकदा कुणी म्हटलं ना ताई, की संपलं," असं मला दाराआड सांगायचे. मार्चमध्ये त्यांनी स्थळ आणलंसुद्धा. मुलगा महेश, सिन्नरला बँकेत. आधीचं सगळं त्या मंडळींच्या कानावर घातलेलं होतं, तेवढा प्रामाणिकपणा केला म्हणायचा.

बघायला आले त्या दिवशी मीही होते. आणि माझ्या बहिणीने, बेबीने, काय करावं? मुलीच्या हातची कला दाखवायची म्हणून तेच कापड आणलं! नावाचा भाग खाली दुमडून. मला कळायच्या आत महेशच्या आईच्या मांडीवर ठेवलंदेखील. अहो, भरतकाम हातात आलं की बाई काय करते? उलटं करते. मागून गाठी किती, दोरे कसे ओढलेत, ते बघितल्याशिवाय कुठलीच बाई पावती देत नाही. बेबीला हे माहीत नाही असं नाही, पण तेव्हा तिची अक्कल कुठे गेली होती देव जाणे. त्या बाईंनी कापड झटकून उलगडलं, मागून बघितलं, मान डोलावली, मग सुलटं करून हात लांब केले. चष्मा सारखा केला. वाचलं.

महेश पोह्यांच्या बशीत बघत बसला.

"काम सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "हे नाव तेवढं बदलून घ्या. आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर बरोबर बसेल."

त्यांच्या आवाजात वाईटपणा नव्हता, हेच मला सहन झालं नाही. परकराची नाडी बदलून घ्या म्हणावं तसं त्या म्हणाल्या. आभा समोर ट्रे घेऊन उभी होती. ती म्हणाली, "बरं."

मंडळी गेल्यावर तिने वडिलांकडे एकच गोष्ट मागितली. लग्नाला माझी ना नाही, म्हणाली, तुम्ही म्हणाल त्या तारखेला उभी राहते. पण ते कापड आहे तसं राहू द्या. मला ते गौरांगच्या आईला नेऊन द्यायचंय.

"आणि सिन्नरच्यांना काय दाखवू?" वेणीमाधव म्हणाले. "त्यांनी ते मागितलंय. ताई, तुम्हीच सांगा, उसवता येतं ना?"

"येतं की," मी म्हटलं. "पण त्याआधी तुमची जीभ कशी उसवता येते ते बघते. अहो, बाप ना तुम्ही?"

बेबी रडायला लागली. वेणीमाधव खुर्चीत बसले आणि शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत राहिले. शेवटी मीच बोलले. आलेख आहे ना तिचा? मग मी दुसरं भरते. तोच घाट, तीच मापं, खाली महेश. लग्नाआधी पुरं नाही झालं तर खुशाल ते उसवा. वेणीमाधव म्हणाले, "तुमची जबाबदारी." जबाबदारी म्हणे! पण कबूल झाले.

मग मी वर्ग बंद केले. बायकांना सांगितलं, तुमचे हंस घरी पोहू द्या. मॅटीचं तेवढंच कापड आणलं, त्याच छटांच्या लड्या मेन रोडवरून शोधून आणल्या आणि बसले. दुसऱ्याचा नमुना भरताना त्याच्या डोक्यातून चालावं लागतं. कुठे तिने चौकोन खोडून पुन्हा काढलेत, कुठे हात थांबलाय, सगळं कागदावर दिसत होतं. महेश हे नाव लहान, पायरीत बाजूला जागा उरत होती. तिथे मी एक द्रोण सोडला, दिव्याचा. आभाला दाखवला तर म्हणाली, "छान आहे." दुसरं काही नाही. मानेला पट्टा लागला, डोळ्यांतून पाणी गळायचं, पण वैशाखातल्या लग्नाच्या आधीच्या आठवड्यात काम पुरं झालं. वेणीमाधवांनी दोन्ही कापडं शेजारी शेजारी धरून बघितली आणि पहिल्यांदाच मला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी आभा आणि मी सातपूरला गेलो. तिने गौरांगचं कापड इस्त्री करून मलमलच्या तुकड्यात गुंडाळलं होतं. बसमध्ये ते मांडीवर धरून बसली होती. कितीतरी महिन्यांनी तिने स्वतःहून मला काही सांगितलं. म्हणाली, "काकूंना ते चार पावलं मागून बघायला सांगायला हवं, मावशी. नाहीतर नाव दिसायचं नाही."

गौरांगच्या आईने दार उघडलं. बाई निम्मी झाली होती. आत या म्हणाली, पाणी दिलं. भिंतीवर त्याचा फोटो, हार घातलेला. आभाने कापड उलगडून तिच्या हातात दिलं आणि सांगितलं, चार पावलं मागे जाऊन बघा. बाई उठली नाही. तिने हाताने चाचपडत नाव शोधलं आणि त्यावर बोट फिरवलं. मला वाटलं, आता ही पोरीला जवळ घेणार.

"तुझं ठरलं म्हणे," ती म्हणाली.

"हो."

"कधी आहे?"

आभाने तारीख सांगितली.

"माझ्या मुलाचं वर्षश्राद्ध व्हायचंय अजून." बाईने कापडाची घडी घातली. घाई नाही, राग नाही, नीट कोपऱ्याला कोपरा जुळवून. "ने हे. तुझ्याशी ठरलं आणि दोन महिन्यांत तो गेला. तू त्याचं नाव घाटावर लिहिलंस, आणि मी त्याची राख त्याच घाटावर सोडली. माझ्या घरात तुझ्या हातचं काही नको."

माझ्या अंगाचा भडका उडाला. "अहो, ट्रक काय हिने चालवला का? तोंडाला येईल ते बोलता?" मी आणखीही बोलले असते, पण आभाने माझं मनगट धरलं, असं घट्ट की बांगडी रुतली. तिने वाकून त्या बाईला नमस्कार केला. बाईने पाय मागे घेतले.

परतीच्या बसमध्ये मी एकटीच बडबडत होते. त्या बाईला शिव्या देत होते, आणि मग तिची कीवही येत होती, आणि म्हणून आणखी शिव्या देत होते. ज्या बाईचा मुलगा गेलाय तिच्याशी भांडायचं तरी कसं? आभा खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर मला सुचायला हवं ते सुचलं. माझं कोण आहे? लग्न केलं नाही, घर माझं, भिंती माझ्या. ते कापड मी लावीन की! कोण मला विचारणार? दुसऱ्या दिवशी सकाळीच फ्रेमवाल्याकडे गेले, चांगली सागवानी चौकट निवडली, माप देण्यासाठी कापड हवं म्हणून दुपारी बेबीच्या घरी पोचले. लग्नघर ते. खाली मांडवाचे बांबू उतरवत होते, पापडांचे डबे, पाहुण्यांच्या वळकट्या. आभा वर गच्चीलगतच्या खोलीत होती.

समोर ते कापड होतं, नुकतंच इस्त्री केलेलं, कोमट. वरच्या पायरीत आभा. खालची पायरी पांढरी. नाव दगडातच गुंफलेलं होतं, त्यामुळे नुसतं नाव निघत नाही, अख्खी पायरी जाते. तिने ती पुरती उसवली होती. कुणी सांगितलं नव्हतं, गरजही नव्हती. माझं कापड खाली रुखवताच्या टेबलावर लागलेलं होतं.

"अगं, हे काय केलंस?" मी म्हटलं. "मी हे माझ्याकडे नेणार होते गं. फ्रेमवाल्याशी बोलून आलेय मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. हे तिच्या मनातच आलं नव्हतं. "सासरी नेता येत नाही," ती हळू म्हणाली. "इथे बाबा ठेवू देणार नाहीत. त्याच्या आईला नको. मग ठेवायचं कुठे, मावशी? मला वाटलं, कुणीतरी कात्रीने काढण्यापेक्षा मीच काढते."

टाके काढले की मॅटीत भोकं राहतात, आणि काळ्या दोऱ्याची लव अडकून बसते. मीच सगळ्यांना शिकवते, चिकटपट्टीने लव उचलायची, कापड कोमट पाण्यात बुडवायचं, दोन बोटांनी चोळायचं, भोकं मिटतात. तिने सगळं अगदी मी शिकवलं तसंच केलं होतं.

"मावशी, बघ ना," ती म्हणाली. "दिसतंय का काही?"

मी कापड खिडकीशी नेलं. तिरपं धरून बघितलं, उजेडासमोर धरून बघितलं, उलटं करून बघितलं. कुठेतरी एखादं भोक, एखादा काळा धागा. मी देवाची विनवणी करत शोधत होते. पण पोरीचा हात फार स्वच्छ.

"नाही गं," मी म्हटलं. "काहीच दिसत नाही."

तेव्हा ती रडली. जानेवारीपासून जी रडली नव्हती ती जमिनीवर बसून तोंडात पदराचा बोळा घालून रडली, खाली आवाज जाऊ नये म्हणून. "थोडं तरी राहायला हवं होतं गं, मावशी," म्हणत राहिली, "थोडं तरी." मी तिला पोटाशी धरून बसले. जिन्यातून बेबी हाका मारत होती, आभाला पाठव गं ताई, मेंदीवाली कधीची येऊन बसलीय.